साठा, कोयता आणि प्रभूवरचा विश्वास

"ताई, उद्याची चिंता करू नका असं प्रभूने सांगितलंय. मग मी घरात धान्य भरून ठेवलं तर माझा विश्वास कमी पडला का? आणि कुणी घरात घुसलं तर दुसरा गाल पुढे करायचा का?"

मी समुपदेशक आहे, आणि मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत ऐकायला मिळतो. कोविडच्या टाळेबंदीनंतर तो वाढला. 7 मे 2025 ला देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, मुंबईत भोंगे वाजले, त्यानंतर आणखी काही जण आले. विचारणारे बहुतेक वेळा घरातले कर्ते असतात. त्यांनी 2005 चा पूर अनुभवलेला असतो, कुठल्या तरी गावात प्रार्थना सभेवर जमाव चालून गेल्याची बातमी वाचलेली असते, आणि रविवारी उपासनेत "प्रभू सांभाळील" हे ऐकून घरी आल्यावर रात्री झोप येत नसते. त्यांच्या भीतीला कारण आहे, हे मी आधीच मान्य करते.

एका कुटुंबाची हकिगत सांगते. नवरा-बायको दोघांनी परवानगी दिली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गृहस्थ पंचेचाळिशीतले. कलिन्याला राहतात, जुनी चाळ पाडून इमारत झाली, तिथे चौथ्या मजल्यावर घर मिळालं. मूळचे नगर जिल्ह्यातले, पणजोबांपासून ख्रिस्ती, मंडळीच्या पंचांमध्ये. पत्नी परिचारिका. एकुलता एक मुलगा एकवीस वर्षांचा, रात्रपाळीला जातो.

एका रात्री साडेतीनला मुलगा घरी आला. एरवी सहाला येतो, त्या दिवशी काम लवकर संपलं. फोनची बॅटरी अगदी तळाला गेलेली, म्हणून कळवलं नव्हतं. जिन्यातला दिवा गेलेला. त्याने लॅचची किल्ली फिरवून दार उघडलं, आणि दारामागे वडील उभे होते, हातात उसाचा कोयता. हात वर गेलेला होता. मुलाने "पप्पा, मी!" असं ओरडून उरल्यासुरल्या बॅटरीवर मोबाईलचा दिवा लावला आणि तो हात तिथेच थांबला. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून हे पाहत होती. सकाळी चहाला तिघंही बसले, कुणी काही बोललं नाही. दुपारी तिने मला फोन केला.

पहिल्या भेटीला ते आले ते पवित्र शास्त्र काखेत घेऊन. पानापानांत चिठ्ठ्या घातलेल्या. त्या रात्रीबद्दल चकार शब्द नाही. "जय ख्रिस्त, ताई," म्हणाले, बसले आणि एकेक चिठ्ठी काढायला लागले. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला. नीतिसूत्रांत मुंगी उन्हाळ्यात अन्न जमवते. शहाणा माणूस अरिष्ट येताना पाहून लपतो. पौल तीमथ्याला लिहितो की जो घरच्यांची तरतूद करत नाही, त्याने विश्वास नाकारला. नहेम्याची माणसं एका हाताने यरुशलेमेचा कोट बांधत होती आणि दुसऱ्या हातात शस्त्र होतं. शेवटची चिठ्ठी लूक 22:36 ची: ज्याच्याजवळ तलवार नाही त्याने झगा विकून ती घ्यावी.

ते वाद घालायच्या तयारीने आले होते. मी वाद घातला नाही, कारण त्यांनी काढलेलं प्रत्येक वचन खरोखर तिथे आहे. मी एवढंच विचारलं, "घरात काय काय आहे?"

यादी पत्नीने सांगितली. पलंगाच्या पेटीत तांदूळ आणि गव्हाचे पिंप. वीस लिटरचे पाण्याचे जार न्हाणीघराच्या दाराशी रांगेने, त्यामुळे दार अर्धंच उघडतं. माळ्यावर मेणबत्त्या, ओआरएसची पाकिटं, सोलर टॉर्च, दोरखंड, जास्तीचा गॅस सिलिंडर आणि पेट्रोलचे दोन कॅन. यातलं बरंचसं पतपेढीच्या कर्जातून. हे सगळं कुठून शिकलात, तर अमेरिकेतल्या 'प्रेपर', म्हणजे संकटासाठी साठा करून ठेवणाऱ्या लोकांचे व्हिडिओ. तिथे माणसाकडे तळघर असतं, रान असतं, परवान्याची बंदूक असते. हे सगळं कलिन्याच्या तीनशे चौरस फुटांत उतरवायला गेलं की माणसाला झोपायला जागा राहत नाही. "तांदळात किडे झालेत," पत्नी म्हणाल्या. "रानात देवाने दिलेला मन्ना लोकांनी साठवला तेव्हा झाले होते ना, तसे. मी रोज चाळते."

इथे मी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. विश्वासाबद्दल आपण हवं तितकं बोलू, पण त्याआधी कोयता घराबाहेर जाईल आणि पेट्रोलही जाईल. बंद घरात माळ्यावर पेट्रोल आणि बाजूला सिलिंडर, हा धोका दंगलीच्या धोक्यापेक्षा कितीतरी जवळचा आहे. पेट्रोलला ते लगेच तयार झाले. कोयत्याला तयार नव्हते. पत्नी म्हणाल्या, "दारात माझा मुलगा होता." त्यानंतर त्यांनी हुज्जत घातली नाही. त्याच आठवड्यात मेव्हणे कोयता गावाला घेऊन गेले.

असा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं असतं. जे हत्यार आपण रात्री उशाशी ठेवतो, ते बहुतेक वेळा सगळ्यात आधी आपल्याच माणसासमोर उगारलं जातं. अंधार, अर्धवट झोप आणि महिनोन्महिने साचलेली भीती यांत आपला कोण नि परका कोण हे ओळखायला जो क्षण लागतो, तो मिळत नाही. अमेरिकेतले नागरी हक्कांचे नेते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मॉन्टगोमेरीतल्या घरावर 30 जानेवारी 1956 ला बॉम्ब टाकला गेला. आत पत्नी आणि तान्ही मुलगी होती. ते पाळक होते, तरी त्यांनी बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केला, आणि तो नाकारला गेला. पुढे त्यांनी घरात बंदूक ठेवायचीच नाही असं ठरवलं. घरात बंदूक होती तेव्हा मला जास्त भीती वाटायची, असं त्यांनी नंतर नमूद केलं आहे. हे मी गृहस्थांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कोयता आणल्यापासून मी एक रात्र सलग झोपलेलो नाही."

झोपेसाठी मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. पावसाचा आवाज आला की उठून खिडकीतून खाली पाणी बघणं, कडी पुन्हा पुन्हा तपासणं, दचकणं, हे सगळं बरंच जुनं होतं. काही आठवडे औषध चाललं. कडी एकदाच लावायची आणि "लावली" असं मोठ्याने म्हणायचं, एवढा साधा नियम आम्ही केला. झोप यायला लागल्यावर 26 जुलै निघाला.

2005 साली त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी फुगली, कलिना-कुर्ला बुडालं. गृहस्थ तेव्हा तरुण होते, फोर्टात नोकरी. लोकल बंद, म्हणून चालत निघाले आणि शीवच्या पुढे पाणी छातीला लागलं तेव्हा थांबले. घरी तळमजल्याच्या खोलीत त्यांचे वडील, अण्णा, एकटे. दम्याचा आजार. खोलीत पाणी शिरलं तसे अण्णा जिना चढून वर गेले आणि वरच्या मजल्यावरचं एक दार वाजवलं. आत माणसं होती, बोलण्याचा आवाज येत होता. दार उघडलं नाही. अण्णांनी ती रात्र ओल्या कपड्यांत जिन्याच्या पायरीवर बसून काढली. मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. वडील त्यानंतर वर्षभरही जगले नाहीत. त्याचा त्या रात्रीशी किती संबंध, हे कुठलाही डॉक्टर ठामपणे सांगणार नाही, पण मुलाच्या मनात हिशेब पक्का आहे.

"ताई, माझ्यावर कुणाचं दार वाजवायची वेळ येऊ नये," ते म्हणाले. "एवढंच."

म्हणजे योसेफ, नहेम्या, मुंगी, सगळे या एका दारासाठी गोळा केले होते.

मी विचारलं, "हा साठा किती माणसांचा?" तीन माणसं, नव्वद दिवस, त्यांच्याकडे वहीत हिशेब होता. "समोरच्या खोलीत कोण राहतं?" एकट्या बाई, सत्तरीच्या पुढच्या, गुडघ्यांनी अधू. "त्या हिशेबात आहेत?" नव्हत्या. "त्यांनी दार वाजवलं तर?"

ते चिडले. अशा वेळी माणूस चिडतो. त्यांनी मत्तय 25 उघडलं: दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारी. पाच शहाण्यांनी कुप्यांत तेल घेतलं, पाच मूर्खांनी घेतलं नाही, आणि मूर्खांनी मागितलं तेव्हा शहाण्यांनी दिलं का? दिलं नाही. विकणाऱ्याकडे जा म्हणाल्या. "आणि प्रभूने त्यांनाच शहाण्या म्हटलंय."

मुद्दा वजनदार आहे आणि तो झटकून टाकणं बरोबर नाही. मी त्यांना म्हटलं, घरी जाऊन हाच अध्याय शेवटपर्यंत वाचा, आणि पाळकसाहेबांशी बोला. त्याच पंचविसाव्या अध्यायात, दाखला संपून थोडं पुढे गेलं की मनुष्याचा पुत्र न्यायाला बसतो आणि विचारतो ते भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला घरात घेणं. माझी समजूत अशी की कुमारींचं तेल हे ज्याचं त्यानेच जागं राहण्याबद्दल आहे, ते उसनं मिळत नाही. तांदळाचं तसं नाही. योसेफाची कोठारं तरी कुणासाठी होती? दुष्काळ पडला तेव्हा त्याने ती उघडली, आणि दारात उभे राहिलेल्यांत त्याला विकणारे भाऊही होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या 11 व्या अध्यायात अगबाने दुष्काळाचं भाकीत केलं तेव्हा अंत्युखियाच्या शिष्यांनी काय केलं? प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे यहूदियातल्या भावांना मदत पाठवायचं ठरवलं. दुष्काळाची बातमी आल्यावर त्यांची तयारी ती होती.

मराठी ख्रिस्ती माणसाला तर लांब जायची गरजच नाही. पंडिता रमाबाईंचे आई, वडील आणि बहीण उपासमारीच्या दिवसांत गेले. अन्नावाचून माणूस कसा मरतो हे त्यांनी कोवळ्या वयात जवळून पाहिलं होतं. केडगावला त्यांनी जमीन घेतली, विहिरी खणल्या, शेती लावली. ही तयारीच होती, आणि चांगली पक्की होती. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन मुलींना घेऊन आल्या, 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या. भुकेची भीती त्यांच्याइतकी कुणाला असणार होती?

पुढच्या भेटीत ते रमाबाईंबद्दल काहीच बोलले नाहीत. वहीचं पान मात्र दाखवलं. तीनच्या जागी चार केलं होतं.

आता दुसरा अर्धा प्रश्न, संरक्षणाचा. इथे पाळकसाहेबांचं आणि माझं पूर्ण एकमत नाही, आणि ते आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर मोकळेपणाने मांडलं. पाळकसाहेब अहिंसेच्या बाजूचे. त्यांनी डिर्क विलेम्सची गोष्ट सांगितली. सोळाव्या शतकात नेदरलँड्समध्ये विश्वासासाठी पकडला गेलेला हा माणूस तुरुंगातून निसटला, गोठलेल्या पाण्यावरून पळाला. पाठलाग करणारा बर्फ फुटून बुडायला लागला तेव्हा हा मागे फिरला आणि त्याला बाहेर काढलं. मग पकडला गेला, आणि 1569 साली त्याला जाळलं. मला ही गोष्ट ऐकताना दर वेळी भरून येतं. पण हा मार्ग माणूस स्वतःपुरता निवडू शकतो. झोपलेल्या लेकराच्या वतीने तो निवडता येतो, असं मला वाटत नाही. तेराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्विनास याने स्वतःचा जीव वाचवण्यासाठी गरजेपुरतं बळ वापरणं रास्त मानलं, गरजेपेक्षा जास्त नाही. कॅथलिक धर्मशिक्षणात तर ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याच्यासाठी संरक्षण हे कर्तव्यही असू शकतं असं म्हटलं आहे.

आपला कायदाही गरजेपुरतंच म्हणतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 खासगी संरक्षणाच्या हक्काची आहेत. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेल्या घरफोडीला त्यात वेगळं स्थान आहे. निर्गम 22 मध्येही चोर रात्री घर फोडताना मारला गेला तर रक्तदोष नाही, सूर्य उगवल्यावर मारला तर आहे. गृहस्थांनी नहेम्या शोधला होता, हे वचन त्यांच्या चिठ्ठ्यांत नव्हतं. आणि लूकमधल्या तलवारीचं काय झालं तेही वाचावं लागतं. शिष्य म्हणाले दोन आहेत, प्रभू म्हणाला पुरे. त्याच रात्री त्यातली एक चालली, एका चाकराचा कान तुटला, प्रभूने तो बरा केला आणि तलवार म्यानात घालायला सांगितली.

दुसऱ्या गालाबद्दल एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती माझ्या जिवाला लागलेली आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायका माझ्याकडे येतात आणि त्यांना कुणीतरी हेच वचन सांगून परत घरी पाठवलेलं असतं. भगिनींनो, मुख्य याजकासमोर शिपायाने प्रभूला चपराक मारली तेव्हा प्रभूने त्याला विचारलं, मला का मारतोस? योहानाच्या 18 व्या अध्यायात आहे. सूड न घेणं निराळं आणि मारणाऱ्याच्या हाताखाली राहणं निराळं. दार उघडून बाहेर पडणं, 112 ला फोन करणं, तक्रार नोंदवणं यांत कुठलंही वचन मोडत नाही. पौलाला ठार मारायचा कट शिजला तेव्हा भाच्याने बातमी आणली, आणि पौलाने त्याला लगेच सरदाराकडे पाठवलं. रोमी शिपायांच्या पहाऱ्यात तो कैसरियाला पोचला. त्याला अविश्वासू कुणी म्हटलं नाही.

या घरात पुढे काय झालं ते थोडक्यात. दाराला साखळी आणि पीपहोल बसलं, जिन्यातला दिवा सोसायटीच्या मागे लागून दुरुस्त करून घेतला. मुलगा लवकर निघाला तर मेसेज करतो, फोन बंद असेल तर खालून बेल दाबतो. नव्वद दिवसांचा साठा दोन आठवड्यांवर आला, तोही रोजच्या वापरातला: जुनं आधी संपवायचं, नवं मागे लावायचं. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरून चार माणसांचं तीन दिवसांचं, म्हणजे छत्तीस लिटर. दोन जार पुरतात, न्हाणीघराचं दार पूर्ण उघडायला लागलं. औषधं, कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये, टॉर्च, शिट्टी, थोडी रोकड, पॉवर बँक. महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा 1916 हा क्रमांक भिंतीवर. पुराच्या पाण्यातून चालावं लागलं तर नंतर लेप्टोच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांकडे जायचं, हे पत्नीने मजल्यावर सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. जास्तीचा चांगला तांदूळ मंडळीच्या स्वयंपाकघरात गेला.

वाचकांपैकी कुणाच्या घरात असा साठा असेल तर किलो मोजत बसू नका. तो घरच्यांपासून लपवावा लागतोय का, त्यासाठी कर्ज काढलंय का, त्याने झोप आली की गेली, आणि शेजाऱ्याची चाहूल लागली की छातीत धडधडतं का, हे पाहा. यातलं काही होत असेल तर समुपदेशकाकडे या. ते करताना प्रार्थना सोडायची नाही. नहेम्याच्या लोकांनी देवाची प्रार्थनाही केली आणि पहाराही बसवला, एकाच वचनात दोन्ही आहे.

गृहस्थांच्या पुढाकाराने मजल्यावरच्या आठ घरांनी पावसाळ्याआधी एक तक्ता केला. कुणाकडे काय आहे, कुणाला काय लागेल, वेळ आली तर कुणी कुणाच्या घरी जायचं. समोरच्या बाईंना उचलून आणायची जबाबदारी त्यांच्या मुलाची. बाईंनी आपल्या रकान्यात इन्सुलिन ठेवायला फ्रिज मागितला आहे, तिसऱ्या मजल्यावर एकाकडे इन्व्हर्टर आहे. गृहस्थांच्या घराचा 'आमच्याकडे आहे' हा रकाना गच्च भरलेला आहे. 'आम्हाला लागेल' आणि 'कुणाकडे जाऊ' हे दोन रकाने त्यांनी कोरे ठेवलेत. पत्नीने भरायला घेतले तर म्हणाले, राहू दे, मी बघतो. पुढच्या भेटीत आम्ही तिघं त्यावरच बोलणार आहोत, आणि या वेळी मुलालाही बोलावलं आहे.